पाण्यावरची जागा

पहिलं कापड तिनं पाण्याच्या टिपाडाशेजारी बांधलं, तेव्हा जीवरामला वाटलं, शेठ लोकांची काहीतरी पूजा असणार.

दुसरं कापड तिनं मिक्सरच्या हँडलजवळ बांबू रोवून त्याला बांधलं. तिसरं सिमेंटच्या थप्पीपाशी, चौथं लिफ्टच्या खांबाला, पाचवं वर सळयांच्या जाळीवर. सहावं घेऊन ती दवाखान्याच्या जुन्या इमारतीत गेली आणि पहिल्या मजल्यावरच्या वॉर्डच्या खिडकीतून हात बाहेर काढून तिनं ते गजाला अडकवलं. सगळी कापडं तळहाताएवढी, पांढरीशुभ्र, कोपऱ्यात निळ्या पेनानं आकडा घातलेली. जीवराम हातात नारळ घेऊन उभाच. एकतीस वर्षांत त्यानं स्लॅबच्या दिवशी लिंबू-मिरची पाहिली होती, काळी बाहुली पाहिली होती, एका हौशी मालकानं तर मिक्सरला साडी नेसवली होती. कापडं मात्र नव्हती पाहिली.

"मॅडम, हाई काय शे?" ती खाली आल्यावर त्यानं विचारलं. "नारय आधी फोडू, का तुमनं व्हवू दिऊ?"

"फोडा ना काका. हे माझं काम आहे. धूर कुठे कुठे जातो ते बघायचंय."

"धूर तं वरे जास."

"तेच बघायचंय," ती म्हणाली.

ही आयुषी. अमळनेरातल्या जुन्या सरकीच्या व्यापाऱ्याची नात, नाशिकला इंजिनीअर होऊन गेल्या वर्षी परत आलेली. दवाखाना तिच्या काकांच्या, म्हणजे अभयकुमार शेठच्या ट्रस्टचा. त्याला लागून नवी इमारत उठत होती आणि तिच्यावर लक्ष ठेवायला घरचीच पोरगी नेमली होती. कापडं तिनं आजीच्या मुहपत्तीच्या थानातून कापून आणली होती. आजी धनकुंवरबाई हवेतला जीव मरू नये म्हणून तोंडावर पांढरी पट्टी बांधतात, हे जीवरामला ठाऊक होतं. आता ही नात मिक्सरला पट्ट्या का बांधते आहे, ते मात्र त्याच्या डोक्यात शिरेना.

तिच्याकडे एक छापील कागदही होता. शेजारी रुग्ण आहेत म्हणून मिक्सर खिडकीपासून दूर हवा, इंजिनाची हवेची जाळी नवी हवी, डिझेल गाळून भरायचं. इथवर ठीक होतं. पुढचं कलम ऐकून जीवराम हसलाच. पाच मिनिटांपेक्षा जास्त काम थांबलं, तर इंजिन बंद करायचं.

"मॅडम, नारय फुटना का मंग इंजिन बंद करतस नही. इंजिन बंद पडनं तं स्लॅब गळस."

"कोण म्हणतं?"

"बठ्ठा म्हणतस."

तिनं ठेकेदाराकडे पाहिलं. हिलालआबा ठेकेदार साठीचा माणूस, पण शेठच्या पुतणीपुढे त्याला अचानक वरच्या सळया मोजायची आठवण झाली. जीवरामनं नारळ फोडला, अर्धं पाणी इंजिनावर आणि अर्धं जमिनीवर शिंपडलं, वरचा खटका उचलून हँडल मारलं. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन पेटलं आणि सायलेन्सरमधून काळा भपका सुटला. टिपाडाजवळ उभ्या रत्नानं पटकन पदर तोंडावर घेतला.

रत्ना ही नवलची बायको. नवल जीवरामच्या हाताखाली मिक्सरचा हॉपर वाळू-खडीनं भरायचा. पोरगी चार महिन्यांची पोटुशी होती, म्हणून नवलनं महिनाभर जीवरामची पाठ धरली होती, की नाना, तिले पाण्यावर ठेवा. मिक्सरवरच्या सगळ्या कामांत पाण्याची जागा म्हणजे खुर्ची. डोक्यावर घमेलं नाही, फळीवरून चढणं नाही. एका जागी उभं राहायचं, टिपाडातून डबा भरायचा आणि मिक्सरच्या पोटात ओतायचा. दहा बायकांत एकीला मिळणारी जागा. चोवीस वर्षं ती एकीलाच मिळाली होती. जीवरामच्या बायकोला, भिकुबाईला.

ती कशी मिळाली, ते साऱ्या टोळीला माहीत होतं. भिकुबाईचं दुसरं मूल पोटातच गेलं आणि त्यानंतर तिची कंबर घमेलं उचलायला तयार होईना. तेव्हा जीवराम हिलालआबाशी भांडला होता. आबा म्हणाला, पाण्यावर बाई नको, पाणी चुकलं तर स्लॅब गेला. जीवराम म्हणाला, तिचा हात तर बघा. आणि हात खरंच बघण्यासारखा होता. भिकुबाई डबा मोजत नसे. मिक्सर फिरताना आतल्या मालाचा आवाज ऐकायची आणि ओतायची. नाशिकहून आलेल्या एका साहेबानं तिचा माल लोखंडी सुळक्यात भरून, उलटा करून, पट्टीनं मोजून पाहिला आणि काही न बोलता पट्टी खिशात ठेवली. जीवराम हँडलपाशी उभा राहून एक बोट वर करायचा. बोट वर म्हणजे पाणी बस. पण ते बोट वर जायच्या आतच तिचा डबा थांबलेला असायचा. एवढ्या गोंगाटात ती दोघं चोवीस वर्षं एका बोटावर बोलली. बाकीच्या बायका जळायच्या. जीवरामला ते बरं वाटायचं. आपण बायकोसाठी आयुष्यात केलेली एक गोष्ट, असं त्याला वाटायचं, आणि दुसरी कुठली त्याला आठवायचीही नाही.

गेल्या होळीपासून ती कामावर नव्हती. पायऱ्या चढताना दम लागायचा, मग चालताना, मग बसल्या जागी. याच दवाखान्याच्या याच वॉर्डात अकरा दिवस झाले, मग धुळ्याच्या छातीच्या डॉक्टरांकडे एसटीनं तीन फेऱ्या. डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "विडी, तंबाखू?"

"नही साहेब. मिसरी बी नही."

"चूल?"

"व्हती. आते गॅस शे. बारा वरीस व्हयनात."

"काम काय करतात?"

"मिक्सरवर शे. पण पाण्यावर, साहेब." जीवराम छाती पुढे काढून म्हणाला होता. "सिमेंटपाशी नही. धूळमा तिले मी कधीच उभी करी नही."

डॉक्टरांनी मान डोलावून काहीतरी लिहिलं. चुलीचा धूर असेल, म्हणाले. असं एक कारण सांगता येत नाही, असंही म्हणाले. रोज दोन वेळा ओढायचा पंप दिला. येताना एसटीत भिकुबाई म्हणाली, मन्ही मायबी चूलवरच मरनी. एवढंच. जीवराम तेव्हापासून चुलीवर रागावून होता, आणि चूल तर बारा वर्षांपूर्वीच मोडून टाकलेली. राग काढायला घरात काही उरलं नव्हतं.

साडेआठला लिफ्टचा दोर अडकला. माल चढेना. मिक्सर रिकामा फिरत राहिला. आयुषी मोबाइलवरचं घड्याळ बघत होती, हे जीवरामला दिसत होतं, म्हणून तो दुसरीकडे बघत होता.

"काका, बंद करा."

त्याला ऐकू आलं नाही. मिक्सरवाल्याला नको ते ऐकू येत नाही, ही या धंद्यातली सोय आहे. मग ती समोर येऊन उभी राहिली आणि हातानं खूण केली. जीवरामनं हिलालआबाकडे पाहिलं. आबा आकाशाकडे बघत होता. जीवरामनं खटका ओढला.

इंजिन थांबलं आणि सगळी टोळी एकदम उघड्यावर पडल्यासारखी झाली. वरचे गवंडी वाकून खाली बघायला लागले. भरलेली घमेली डोक्यावर घेऊन बायका होत्या तिथं थांबल्या. एकतीस वर्षांत जीवरामनं भरता स्लॅब असा मुका ऐकला नव्हता. रस्त्यावरच्या रिक्षा ऐकू आल्या, वॉर्डात कुणाचं तरी भांडं पडलेलं ऐकू आलं. आणि अगदी जवळ, डाव्या हाताला, कोरडा, आखडता, तीन-तीनदा येणारा खोकला ऐकू आला. जीवराम दचकला. हा खोकला घरी असतो. इथं कसा आला?

टिपाडाला धरून रत्ना खोकत होती.

"काय व्हयनं वं बेटा?"

"काई नही नाना. ठसका लागना."

"कवयपासून?"

"रोजच लागस. मशीन चालू ऱ्हास म्हनीसन तुमले ऐकू येस नही," ती हसली आणि डबा विसळायला लागली.

दोर सुटला. हँडल मारायचं म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी थट्टा नव्हे. सातव्या फेऱ्याला इंजिन पेटलं आणि पुन्हा तोच भपका, सकाळपेक्षा मोठा, सरळ टिपाडाकडे. रत्नानं पदर घेतला. जीवरामचा हात हँडलवरच राहिला. भिकुबाईसुद्धा अशीच पदर घ्यायची. दर स्लॅबला, नारळ फुटला की, इंजिन पेटलं की. लग्नाला थोडीच वर्षं झाली होती तेव्हा त्याला वाटायचं, नारळ फोडणाऱ्या नवऱ्याकडे बघून ती लाजते. मग वय झालं तरी ती पदर घेत राहिली, आणि त्याला वाटत राहिलं, अजून लाजते. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तिलासुद्धा नाही.

दुपारपर्यंत इंजिन आणखी दोनदा बंद झालं, दोनदा भपका आला. जीवरामला हिशेब लागेना. बंद ठेवलं तर धूर नाही हे खरं, पण चालू करताना येतो तो कुणाच्या वाट्याला? बंद करणं चांगलं की न करणं? त्यानं आयुषीला विचारायचं ठरवलं आणि प्रश्न कसा विचारायचा तेच सुचलं नाही.

एक वाजता जेवणाची सुट्टी झाली. ट्रस्टतर्फे वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी. पंगत बसली तरी आयुषी बसली नाही. तिनं सहाही कापडं सोडून आणली आणि सेंट्रिंगच्या फळीवर ओळीनं मांडली. सहावं, वॉर्डच्या खिडकीचं, तिनं दोन बोटांत धरून उन्हात नाचवलं.

"बघा हिलालआबा! जवळजवळ पांढरं. वॉर्डात काही गेलेलं नाही. काकांना फोटो पाठवते." तिचा चेहरा परीक्षेत पास झाल्यासारखा होता, आणि का असू नये, पोरगी आठ दिवस झोपली नव्हती.

वरचं पाचवंही पांढरंच होतं. लिफ्टचं मळकट, सिमेंटचं राखाडी, हँडलजवळचं, म्हणजे जीवरामचं, त्याहून थोडं गडद. आणि पहिलं कापड काळं होतं. मळकं नव्हे, राखाडी नव्हे, तव्याच्या बुडासारखं काळं. कोपऱ्यातला निळा एकाचा आकडासुद्धा दिसत नव्हता.

जीवराम हातातली बट्टी तशीच धरून उठला.

"हाई कोठलं?"

"पाण्याजवळचं," आयुषी म्हणाली. "सायलेन्सरचं तोंड त्याच बाजूला आहे ना. तिथे जास्त येणारच."

"हाई तं सकाळनं शे. साडेसातपासूनं."

"हो. साडेपाच तास."

"आन् चोवीस वरीसनं?"

"काय?"

"काई नही," जीवराम म्हणाला. पण तो फळीपासून हलला नाही. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "मॅडम, तो कागद दखाडा ना. त्याम्हा पाण्यावरली बाईनं काय लिखेल शे?"

आयुषीनं कागद काढला. वरून खाली वाचला, उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"इथे रुग्णांबद्दल आहे, काका," ती जरा हळू आवाजात म्हणाली. "रुग्णांना त्रास होऊ नये म्हणून."

"मन्ही बायको अकरा दिन त्याच वार्डमा व्हती. त्या खिडकीपाशी." जीवराम भांडत नव्हता. त्याला खरोखरच समजून घ्यायचं होतं. "ती तठे नीजेल व्हती तवय ती रुग्ण. आन् आठे उभी व्हती तवय? तिले काय धरानं?"

आयुषीनं कागद खाली ठेवला. ती पहिल्या कापडाकडे बघत राहिली. आपल्याकडे सगळी उत्तरं आहेत असं तिला तासाभरापूर्वी वाटत होतं, आणि आता ती जीवरामइतकीच गोंधळलेली दिसत होती. त्यानं तिला दोष दिला नाही. तिनं निदान कापड तरी बांधलं. चोवीस वर्षं त्या जागेकडे बघत उभा होता तो कोण होता?

त्यानं कापडाची घडी घालून खिशात टाकली. तिनं पाहिलं, पण मागितलं नाही.

जेवणानंतर इंजिन पेटवण्याआधी तो रत्नाला म्हणाला, "बेटा, तू पाण्यावर नको उभी ऱ्हाऊ. वर जाय, ओल्या पोत्यासवर पाणी मारत बैस."

रत्नाचं तोंड उतरलं. नवल फावडं टाकून आला.

"काबर नाना? तिनं पाणी चुकनं का?"

"नही चुकनं."

"मंग? पोटुशी बाईले तुम्ही फळीवरून वर चढाडतस?"

ते बरोबरच होतं. फळी चढणं वाईट, खाली उभं राहणं वाईट. काय सांगायचं? की तुझ्या बायकोला मी दिली ती खुर्ची नव्हती? ते नवलला सांगायचं तर आधी ते स्वतःला सांगायला हवं होतं, आणि घरी जाऊन तिलाही.

"समजनं माले," नवल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "भिकूअक्कानी जागा शे ना ती. अक्का काही आते येत नही, पण जागा तुमले सुटत नही."

बायकांनी माना खाली घातल्या. हिलालआबासुद्धा खाली बघायला लागला. जीवरामला वाटलं होतं, आपण रागावू. पण राग आलाच नाही. त्यानं मान हलवली, जशी काही नवलनं वेळ सांगितली होती, आणि स्वतः टिपाडापाशी जाऊन डबा उचलला.

"तू हँडल धर," तो नवलला म्हणाला.

इंजिन पेटलं. भपका आला. जीवरामनं तोंड फिरवलं नाही, मुद्दामच नाही. धूर डोळ्यांत गेला, नाकात गेला, घशात जाऊन बसला. गरम होता आणि त्याला जळक्या तेलाची चव होती. एकतीस वर्षांत मिक्सरच्या या बाजूला तो पाच मिनिटं उभा राहिला नव्हता. हँडलपासून इथवर चार पावलं होती. दुसरा घाणा फिरला, तिसरा फिरला. चौथ्याला त्याचे डोळे असे वाहायला लागले, की माल घट्ट झाला का सैल तेच दिसेना, आणि तेव्हा त्याला कळलं, की ती आवाज ऐकून पाणी का ओतायची.

पाचव्या घाण्याला जीवरामनं डबा खाली ठेवला, हँडलकडे गेला आणि स्लॅब अर्धा भरलेला असताना, कुणी न सांगता, स्वतःच्या हातानं इंजिन बंद केलं.

"जीवराम!" हिलालआबा वरून ओरडला. "येडा व्हयना का रे? माल सुकी जाई! स्लॅब गळी!"

"सांध्यावर सिमेंटनं दूध वता," जीवराम वर बघून म्हणाला. "गळणार नही. आन् गळना तं माले बोला."

प्लंबरच्या सामानात बोअरच्या जुन्या पाइपाचा एक लांब तुकडा पडलेला होता. जीवरामनं तो आणला. ओली पोती गुंडाळून तापलेला सायलेन्सर पिळून काढला, त्या जागी वाकडी जोडणी बसवली आणि वर पाइप उभा केला. पुरुषभर उंचीच्याही वर गेला. आयुषी धावत आली.

"काका, पण आता धूर वर वॉर्डच्या खिडकीत जाईल!"

जीवरामनं वर पाहिलं. जाणार होता. मग त्यानं पाइपाचं तोंड रस्त्याकडे फिरवलं. तिकडे रसवंतीच्या बाकावर तिघं बसलेले. लिफ्टकडे फिरवलं, तर लिफ्टवाला. तो पाइप धरून चारही दिशांना बघत राहिला. पहिल्यांदाच त्याला दिसत होतं, की जिकडं बघावं तिकडं माणूसच आहे.

"मंग मिक्सरच मांगे लिऊ," तो शेवटी म्हणाला. "पार कुंपणपाशी. तठे कोनी नही."

"तठून घमेलं आणानं? पन्नास पावलं जास्ती?" बायकांनी एकच गलका केला. त्यांच्या मानांवर ती पन्नास पावलं येणार होती, संध्याकाळपर्यंत, शेकडो वेळा. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, की नानाची बायको पडली तेव्हापासून नानाचं डोकं ठिकाणावर नाही. जीवरामनं तेही ऐकून घेतलं. हँडलला खांदा लावला. नवल आधी जागचा हलला नाही. मग आयुषीनं तिच्या स्वच्छ कपड्यांनिशी मिक्सरचं चाक ढकलायला घेतलं, तेव्हा तो शरमून आला. मिक्सर कुंपणापाशी गेला, टिपाड त्याच्या मागोमाग. इंजिन पुन्हा पेटलं, आणि पाइप फुटका नगारा वाजावा तसा आवाज करत होता. धूर वर जाऊन मोकळ्या प्लॉटवर पसरत होता, आणि तिथं तरी त्या वेळी कुणी नव्हतं.

"उद्यापासून विजेचा मिक्सर आणता येतो का, काकांशी बोलते," आयुषी म्हणाली. तिच्या तळहातांना ग्रीस लागलं होतं.

"आना," जीवराम म्हणाला. विजेचा आला तर आपलं हँडल संपलं, हे त्याला समजत होतं. तरी तो 'आना' म्हणाला.

दिवस मावळायच्या आत स्लॅब भरून झाला. तो घरी पोचेपर्यंत बातमी पोचलेली होती. भिकुबाई दारातल्या धुण्याच्या दगडापाशी पाटावर बसली होती, शेजारी पंप.

"भरता स्लॅबमा इंजिन बंद करं म्हने तुम्हीन," ती म्हणाली. एका दमात एवढं बोलून ती थांबली, श्वास घेतला, मग पुढचं बोलली. "आन् रत्नाले पाण्यावरून काढं. तिनं पाणी चुकनं का?"

"नही. चांगला हात शे तिना."

"मंग काबर?"

जीवराम पायरीवर बसला. वाटेत त्यानं काय बोलायचं ते तीनदा ठरवलं होतं, तीन वेगवेगळं. त्यानं शर्ट काढला आणि ती रोजच्या सवयीनं त्याचे खिसे चाचपायला लागली. कापड बाहेर आलं.

"हाई काय?"

"मॅडमनं कापड शे."

"इतलं घान? शेठलोकेसनं कापड शे, धोईसन परत देवानं." तिनं ते दगडावर टाकलं आणि साबण घेतला.

"ऱ्हाऊ दे."

"निंघी जाई."

ती घासायला लागली. चार हात घासले की थांबायची, श्वास गोळा करायची, पुन्हा घासायची. दगडावरून काळं पाणी वाहायला लागलं. काळं आतून येतच होतं.

"ती जागा वंगाळ व्हती, भिकू," जीवराम म्हणाला. "पाण्यावरली. सायलेन्सरनं तोंड तठेच व्हतं. हाई कापड तठे बांधेल व्हतं, पुरा एक दिनबी नही. डॉक्टरले मीच सांगं, का तिले धूळमा उभी करी नही. माले..." त्याला पुढचं जमेना. "माले दिसनंच नही."

भिकुबाईचे हात थांबले. तिनं कापडाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिनं ओला हात छातीवर ठेवला. दम लागला होता म्हणून, की दुसरं काही, ते त्याला कळलं नाही.

"मशीन पेटनं का मी पदर लेऊ," ती शेवटी म्हणाली. "तवय तुम्ही मन्हाकडे देखीसन हासेत."

"तू लाजस अशे वाटे माले."

"माले ठाऊक व्हतं, तुमले अशे वाटस ते." ती किंचित हसली. "म्हनीसन तं सांगं नही."

मग ती पुन्हा कापडावर वाकली. "दहा बायासमा तुम्हीन ती जागा माले दिन्ही व्हती. तिले वंगाळ नका म्हनू."

जीवराम उठला. बादलीतून तांब्या भरून तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिच्या हातांवर पाणी धरलं. तिनं कापड पिळलं, उलटलं, पुन्हा पाण्याखाली धरलं. सांगायला तिला श्वास नव्हता, म्हणून तिनं ओला हात वर उचलला आणि एक बोट सरळ करायला घेतलं.

बोट सरळ व्हायच्या आत त्यानं तांब्या थांबवला.

कापड तिनं झटकून दोरीवर वाळत घातलं. कोपऱ्यातला निळा एक आता थोडा दिसत होता.